शेठचा फोन रेकॉर्ड केला तर गुन्हा होतो का?

उत्तर आधी सांगून टाकतो. ज्या कॉलवर तुम्ही स्वतः बोलताय तो कॉल रेकॉर्ड करणं भारतात गुन्हा नाही. समोरच्याला सांगितलं नसलं तरी नाही. ट्रान्सपोर्ट ऑफिसातला सुपरवायझर असो, मुनीम असो, दलाल असो की खुद्द गाडीमालक शेठ, त्याच्याशी झालेलं बोलणं ड्रायव्हरनं आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवलं, तर तेवढ्यासाठी त्याच्यावर केस होण्यासारखं काही नाही.

मात्र गुन्हा नसणं वेगळं आणि कामाला येणं वेगळं. खरी अडचण या दुसऱ्या ठिकाणी आहे. रेकॉर्डिंग असतं, आवाज शेठचाच असतो, तो काय म्हणाला तेही स्वच्छ ऐकू येतं, आणि तरी ऐन वेळी त्याचा उपयोग होत नाही. कारण तोवर फोन एक्स्चेंजमध्ये देऊन झालेला असतो, नाहीतर फाईल चार ग्रुपांवर फिरून परत आलेली असते. म्हणून या लेखात कायदा थोडा आणि त्या फाईलबद्दलच जास्त आहे.

मुळात ड्रायव्हरला रेकॉर्डिंगची गरज का पडते? जालन्याहून सळई, लातूरहून सोयाबीनची पेंड, वाळूज-शेंद्र्याहून कारखान्यांचे सुटे भाग, परभणीहून कापसाच्या गाठी. माल कुठलाही असो, कागदांना तोटा नसतो. बिल्टी (माल गाडीत भरल्याची ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल, वजनाची काटा पावती, फास्टॅगचे मेसेज, माल उतरल्यावरची पोच. पण नीट पाहिलं तर यातला एकेक कागद मालाचा तरी आहे किंवा गाडीचा तरी. ‘इतकं भरून घे’, ‘कुठं थांबू नको, सकाळी सातला गाडी खाली झाली पाहिजे’, ‘थांब दोन दिवस, हॉल्टिंग देतो’ हे सगळं फोनवर येतं आणि फोन ठेवला की विरून जातं. बहुतेक ड्रायव्हरांकडे नेमणूकपत्र नसतं. पगार किती, भत्ता किती, तेही तोंडीच ठरलेलं. अशा धंद्यात ड्रायव्हरच्या नावाचा एकमेव कागद कुठला, तर त्याचा कॉल. माझ्या मते रेकॉर्डिंगकडे याच नजरेनं पाहायला हवं. हेरगिरी म्हणूनही नको आणि शेठला अडकवायचं हत्यार म्हणूनही नको.

समजा, जालन्याच्या एमआयडीसीतल्या वजनकाट्यावरून हा कॉल गेला:

"शेठ, काट्यावर तीन टन जास्त निघालं."

"मग काय झालं? रोजचंच आहे ते. तू निघ बरं, पुढचं मी पाहून घेतो."

"आरटीओनं धरलं तर?"

"धरलं तर माझं नाव सांग. चल, गाडी काढ काट्यावरून, मागं लाईन लागली."

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. तीन टनांचे झाले २६,००० रुपये. जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. आता हे कलम वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटते. ते नुसतं गाडी चालवणाऱ्याला धरत नाही. जो अशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही धरतं. म्हणजे कायद्यानं शेठला आधीच आत घेतलेलं आहे. तो फोनवरून का होईना, त्या काट्यावर हजर होता हे दाखवायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो. महिनाअखेरीला हिशेबाला बसल्यावर "मी कुठं सांगितलं होतं? तूच भरलंस, तूच भर" असं ऐकावं लागलं, तर त्याला उत्तर त्या अर्ध्या मिनिटात आहे.

टॅपिंगचा कायदा कोणासाठी?

‘फोन टॅपिंग बेकायदेशीर आहे’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टॅपिंग म्हणजे दोघांच्या बोलण्यात तिसऱ्यानं चोरून कान घालणं. त्याला बंदी आहे आणि ती कडक आहे. पूर्वी हा विषय १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात होता. सरकारनं फोन ऐकायचा तर कोणती पद्धत पाळावी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिलं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. त्याच्या कलम ४२ नुसार बेकायदा दुसऱ्याचा संदेश मध्येच टिपला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण तुम्ही तिसरे नाही आहात. तुम्हाला उद्देशून जे बोललं गेलं तेच तुम्ही साठवलंत. हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच स्पष्ट केला, आणि खटला आपल्याच राज्यातला होता: आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मलकानी हे मुंबईचे कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी. एका डॉक्टरकडे लाच मागितल्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध झाली. लाचलुचपत विभागाच्या अधिकाऱ्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या टेलिफोनला, त्याच्या संमतीनं, टेप रेकॉर्डर जोडला आणि त्या डॉक्टरनं मलकानींना फोन लावला. पुढे मलकानींचं म्हणणं पडलं की ही टेप टेलिग्राफ कायदा मोडून केली आहे. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकानं स्वखुशीनं आपलं बोलणं टेप होऊ दिलं, यात कोणी कोणाचा फोन मध्ये शिरून ऐकलेला नाही, असा त्याचा सारांश. त्याच निकालानं असं रेकॉर्डिंग कधी चालेल याच्या अटीही सांगितल्या. बोलणं वादाच्या मुद्द्याशी संबंधित हवं, आवाज कोणाचा ते ओळखता यायला हवं, आणि टेपमध्ये खाडाखोड झालेली नाही हे पटायला हवं. पन्नास वर्षं झाली, टेप गेली आणि मोबाइल आला, पण कोर्टात आजही याच तीन गोष्टी विचारतात.

यावरून रेष कुठे आहे ते कळतं. तुम्ही स्पीकरवर बोलताय आणि शेजारी बसलेल्या क्लीनरनं तुमच्या सांगण्यावरून त्याच्या फोनवर ते टिपलं, तर मलकानीच्याच वाटेनं जाता येतं. पण सुपरवायझरच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून त्याचे इतरांशी होणारे कॉल ऐकले, तर तो सरळ गुन्हा. आणि ऑफिसच्या टेबलावर रेकॉर्डिंग चालू ठेवून चहाला जायचं, मागे दोघं काय बोलले ते नंतर ऐकायचं, यालाही मलकानीचा आडोसा मिळत नाही. त्या बोलण्यात तुम्ही नव्हतात.

यूट्यूबवर ‘वन पार्टी कन्सेंट’, ‘टू पार्टी कन्सेंट’ असं बरंच ऐकायला मिळतं. ते अमेरिकेचं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याला बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांना सगळ्यांची लागते. त्यामुळे राज्यांच्या सीमा ओलांडत जाणाऱ्या तिथल्या ट्रकवाल्यांना हा हिशेब ठेवावा लागतो. आपल्याकडे तसं राज्यागणिक काही नाही. देगलूर ओलांडून तेलंगणात शिरलात म्हणून नियम बदलत नाही.

खासगीपणाचं काय? २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तेव्हापासून ‘न सांगता रेकॉर्ड केलं’ हा आक्षेप जास्त जोरात घेतला जातो. छत्तीसगड उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये पोटगीच्या एका प्रकरणात नवऱ्यानं केलेलं बायकोचं रेकॉर्डिंग याच कारणानं नाकारलं होतं. पण १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटाच्या दाव्यात जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा पुरावा म्हणून पाहता येईल, असा निकाल दिला. नवरा-बायकोइतक्या खासगी नात्यात जर हे चालत असेल, तर सळईच्या वजनाबद्दलच्या बोलण्याला खासगीपणाचं पांघरूण घालणं शेठला जड जाईल, असं मला वाटतं. त्याच कॉलमध्ये शेठच्या घरातल्या आजारपणाचा विषय निघाला असेल, तर ती गोष्ट वेगळी. ती चारचौघात जायला नको.

मोठ्या कंपनीत नेमणूकपत्रावर नोकरी असेल तर ते पत्र एकदा नीट वाचा. ऑफिसचं बोलणं रेकॉर्ड करू नये अशी अट काही ठिकाणी असते. ती मोडली म्हणून गुन्हा होत नाही, पण शिस्तभंगाची नोटीस येऊ शकते.

जालन्याचा निकाल

आता पुन्हा जालन्याला येऊ, पण या वेळी सळईसाठी नाही. मोबाइलमधला, सीडीमधला, पेन ड्राइव्हमधला पुरावा कोर्टात कसा द्यायचा, यावर अख्ख्या देशात आज जो निकाल दाखवला जातो तो जालना विधानसभेच्या निवडणुकीतून आलेला आहे.

२०१४ ची निवडणूक. शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघ्या २९६ मतांनी पुढे राहिले. गोरंट्याल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ टळून गेल्यावर घेतला गेला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण होतं. कोर्टापुढे आल्या त्या त्याच्या कॉपी. कॉपी देताना सोबत एक प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्याची कोर्टातली साक्ष पुरेशी धरली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेलं. निकाल लागला १४ जुलै २०२० रोजी. वर सांगितलेल्या नवरा-बायकोच्या निकालाचीही तारीख तीच, पाच वर्षांनंतरची. योगायोग.

सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कॉपी देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. ज्यानं सगळे प्रयत्न केले आणि समोरच्या अधिकाऱ्यानंच प्रमाणपत्र अडवलं, त्याला मात्र अशक्य गोष्ट करायला कायदा लावत नाही. या प्रकरणात इतर पुरावाही पुरेसा होता, म्हणून निवडणूक रद्दच राहिली. पण ड्रायव्हरच्या कामाचं वाक्य त्या निकालात पुढे आहे. ज्या यंत्रावर ती माहिती पहिल्यांदा साठली, ते यंत्र, मग तो लॅपटॉप असो, टॅब असो की साधा मोबाइल, त्याच्या मालकानं स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हजर केलं आणि ते आपलं असल्याचं सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणजे दोन रस्ते झाले. एक, तोच फोन घेऊन कोर्टात जा. दुसरा, कॉपी द्या आणि सोबत प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्राविना कॉपी म्हणजे बिल्टीविना माल: गाडीत आहे, डोळ्यांना दिसतोय, पण नाक्यावर अडतो.

तेव्हा हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली होतं आणि वकील मंडळी अजूनही सवयीनं ‘पासष्ट ब’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि तीच गोष्ट कलम ६३ मध्ये आली, थोडी आणखी कडक होऊन. नमुना कायद्याच्या शेवटी परिशिष्टात छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही भरायचा: कुठला फोन, कंपनी आणि मॉडेल काय, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) नंबर काय, तो फोन त्या काळात तुमच्या ताब्यात होता का आणि नीट चालत होता का. भाग ब तज्ज्ञानं भरून सही करायचा. दोन्हीत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.

हॅशचा बाऊ करू नये. संगणकाला एखादी फाईल दिली की तो ठरलेल्या गणितानं तिच्यातून अंक-अक्षरांची एक ओळ काढून देतो. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. तीच फाईल कितीही वेळा, कुठल्याही संगणकात घाला, ओळ तीच येते. पण रेकॉर्डिंगमधला एक क्षण जरी कापला, तरी ओळ पार बदलते. आज काढलेली हॅश आणि दोन वर्षांनी कोर्टात काढलेली हॅश जुळली, की मधल्या काळात कोणी फाईलला हात लावलेला नाही हे दिसतं. खाडाखोड नाही हे दाखवायची मलकानीची जुनी अट आता अशी पुरी होते. वाद पेटण्याची चिन्हं दिसली की वकिलाकडून लवकरात लवकर ही हॅश काढून कागदावर घ्यावी. काम पाच मिनिटांचं आहे.

फोन, फाईल आणि केबिनमधला आवाज

सगळ्यात मोठा घात होतो तो फोन हातचा गेल्यामुळे. ड्रायव्हरचा फोन डॅशबोर्डवरून पडतो, डिस्प्ले जातो, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, जुना इथंच ठेवा. भांडण सुरू असेल तर तो फुटका फोन देऊ नका. बंद करून घरी ठेवा. डिस्प्ले गेला म्हणून आतली फाईल जात नाही.

फाईलचं नाव बदलू नका. बहुतेक फोन नावातच नंबर, तारीख आणि वेळ घालतात, आणि ‘शेठ ओव्हरलोड पुरावा’ असं नाव दिल्यानं भर काहीच पडत नाही. कामाचा तेवढा तुकडा कापून ठेवण्याचा मोहही टाळा. अख्खा कॉल ठेवा, तुम्ही त्यात शिवी दिली असली तरी. कोणी म्हणेल, आवाज साफ करून देतो. मूळ फाईल त्याच्या हाती द्यायची नाही. दुसऱ्याला पाठवायचीच असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि एक प्रत स्वतःच्याच ईमेलवर टाका, म्हणजे त्या तारखेला ती फाईल होती याची नोंद राहते. फोनची तारीख-वेळ आपोआपवर ठेवा.

सिम कोणाच्या नावावर आहे, तेही एकदा बघा. मेव्हण्याच्या नावावरचं, गावातल्या दुकानदाराच्या ओळखपत्रावर निघालेलं, क्वचित मालकानंच दिलेलं सिम वापरणारे पुष्कळ आहेत. मग कंपनीच्या नोंदीत त्या कॉलवर तुमचं नावच नसतं.

आता बोलण्याबद्दल. कॉल सुरू झाल्यावर पहिल्या वाक्यात आपलं नाव, गाडीचे शेवटचे चार आकडे आणि ठिकाण सांगायची सवय लावा: "शेठ, अमुक बोलतोय, बत्तीस चौदा, काट्यावरच आहे, वजन इतकं इतकं आलं." कोणाला यात काही वावगं वाटत नाही, कामाचा फोन असाच असतो. शेठला मात्र बोलतं करण्यासाठी कोड्यात टाकू नका. ‘तुम्हीच मला मागच्या वेळी सांगितलं होतं ना, दंड मीच भरतो म्हणून?’ असले प्रश्न ऐकणाऱ्याला लगेच कळतात.

गाडी चालू असताना केबिनमध्ये इंजिन, हॉर्न, गाणं, खिडकीतला वारा, सगळं एकावर एक येतं. आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा, ही अट सर्वोच्च न्यायालयानं १९८५ च्या राम सिंग खटल्यात वेगळी सांगितलेली आहे. आणि चालत्या गाडीत फोन हातात धरला तर कलम १८४ आहेच: पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. समृद्धीवर किंवा कन्नडच्या घाटात रेकॉर्डचं बटण शोधत बसण्याइतकी महत्त्वाची फाईल कुठलीच नसते. गाडी बाजूला घ्या, नाहीतर फोनला आपोआप रेकॉर्ड करायला लावून ठेवा.

ती सोय तुमच्या फोनमध्ये आहे का, हे हँडसेटवर आहे. मे २०२२ पासून गूगलनं प्ले स्टोअरवरच्या ॲपना कॉल रेकॉर्ड करायची वाट बंद केली. त्यामुळे फोनसोबत येणारं रेकॉर्डिंगच काय ते खरं. ज्या फोनमध्ये गूगलचं डायलर आहे तिथे रेकॉर्डिंग सुरू होताच दोघांनाही घोषणा ऐकू येते. आयफोनमध्येही २०२४ पासून तसंच आहे. काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये घोषणा नसते. साध्या कीपॅड फोनमध्येही कित्येकदा ही सोय सापडते. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर घोषणा ऐकू आली तर उत्तमच, समोरच्याला माहीत होतं हे आपोआप सिद्ध होतं. अडचण एवढीच की घोषणा ऐकली की शेठ म्हणतो, "फोन ठेव, व्हॉट्सॲपवर कर."

आणि व्हॉट्सॲपचा कॉल साध्या डायलरमध्ये रेकॉर्ड होत नाही. ऑफिसातली हुशार माणसं वजनाचं, रात्रीच्या चालीचं, नाक्यावरच्या ‘खर्चा’चं बोलायचं असलं की मुद्दाम तिकडे जातात. यावर उपाय जुनाच आहे. कॉल संपला की लगेच एक मेसेज टाका: "शेठ, आत्ता व्हॉट्सॲपवर बोललो त्याप्रमाणे तीन टन जास्त घेऊन निघतोय, दंड तुमच्याकडे." निळी खूण आली आणि शेठनं ‘मी असं म्हणालोच नाही’ असं उलट लिहिलं नाही, तर पुढे त्याला ते म्हणणं अवघड जातं. मला तर कित्येकदा हा मेसेज रेकॉर्डिंगपेक्षा भारी वाटतो. आवाज कोणाचा हा वाद त्यात उद्भवत नाही आणि वाचायला दहा सेकंद लागतात. मेसेज आपोआप पुसले जायची सेटिंग चालू असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

‘हा माझा आवाजच नाही’ असं शेठनं म्हटलं तर? फौजदारी प्रकरणात दंडाधिकारी आवाजाचा नमुना द्यायचा आदेश देऊ शकतात, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ते आता लिहूनच ठेवलंय. मग प्रयोगशाळा दोन आवाज ताडून पाहते.

जिथे ड्रायव्हरच अडकतो

रेकॉर्डिंग करण्यात गुन्हा नाही, ते फिरवण्यात होऊ शकतो. ‘बघा हा चोर ट्रान्सपोर्टवाला’ म्हणून क्लिप स्टेटसला ठेवली, रील केली, ड्रायव्हरांच्या ग्रुपांवर सोडली, की बदनामीची केस ओढवून घेतलीत: भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड. तीच क्लिप कामगार कार्यालयात, आरटीओकडे किंवा पोलिसांकडे तक्रारीसोबत दिली तर ती बदनामी होत नाही. योग्य अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीला त्याच कलमात अपवाद आहे. ‘एवढे पैसे टाक, नाहीतर व्हायरल करतो’ हे तर बोलूच नये. तुमचे पैसे खरोखर बुडालेले असले तरी ते वाक्य खंडणीच्या कलमाकडे, ३०८ कडे, ओढत नेतं आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. शिवाय ते वाक्य बोलताना शेठही रेकॉर्ड करत असतो, हे विसरू नका. त्यालाही तेवढाच हक्क आहे.

आणखी एक. ओव्हरलोडच्या त्या कॉलमध्ये शेठ सापडतो तसे तुम्हीही सापडता. वजन जास्त आहे हे माहीत असून तुम्ही गाडी काढली, हे तुमच्याच आवाजात आहे. अशा गाडीनं पुढे कोणाचा जीव घेतला तर ‘शेठनं सांगितलं’ एवढ्यावर ड्रायव्हर सुटत नाही. रेकॉर्डिंग शेठला तुमच्या शेजारी आणून उभं करतं, तुमची जागा रिकामी करत नाही. म्हणून ज्या कॉलमध्ये तुम्ही नाही म्हणालात, तो कॉल सगळ्यात मोलाचा: "शेठ, आधी माल उतरवा, तोवर गाडी हलवत नाही." मग पुढे कामावरून काढलं, तर ते कशासाठी काढलं याचा तो पुरावा.

सगळीच प्रकरणं कोर्टाच्या पायरीपर्यंत जात नाहीत, हेही सांगायला हवं. पगार अडवला, भत्ता कापला, दंड अंगावर टाकला, असली भांडणं आधी कामगार अधिकाऱ्यापुढे येतात. तिथे पुराव्याचे नियम फौजदारी कोर्टाइतके काटेकोर लावले जात नाहीत. दोघांना समोर बसवून कॉल वाजवला की बऱ्याचदा तडजोड तिथंच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे पगारातून होणारी एकूण कपात निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही, आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. जाताना कॉलचा मजकूर कागदावर उतरवून न्या, जसा बोलला गेला तसाच. आपल्याकडे एकाच कॉलमध्ये मराठी, हिंदी आणि दखनी एकत्र येते. "तू निकल रे, मैं देख लेता, टेन्शन घेऊ नको" हे तसंच लिहायचं आणि बाजूला शुद्ध मराठीत अर्थ द्यायचा.

मोबाइल कंपनीकडे तुमच्या बोलण्याचा आवाज कधीच नसतो. तिच्याकडे असतो सीडीआर: कुठल्या नंबरावरून कुठल्या नंबराला, किती वाजता, किती सेकंद, कुठल्या टॉवरवरून. तुमच्या फाईलला हा सगळ्यात पक्का जोड आहे, कारण तो शेठच्याही हातात नाही आणि तुमच्याही. तो पोलीस किंवा कोर्टच मागवू शकतं, आणि कंपन्यांवर तो किमान दोन वर्षं ठेवण्याचंच बंधन आहे. दावा तीन वर्षांपर्यंत चालतो, नोंद मात्र दोन वर्षांनी पुसली जाऊ शकते. म्हणून पहिल्याच अर्जात दोन्ही नंबर, तारीख आणि वेळ लिहून त्या कॉलचा सीडीआर मागवून घ्यावा, अशी विनंती टाकून द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.